मेमरी संपली तेव्हा कर्नल काय सांगतो: लिनक्सच्या ॲलोकेशन-फेल्युअर नोंदींचं परीक्षण

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरी मिळाली नाही की लॉगमध्ये पडदाभर ओळी येऊन पडतात. बहुतेक जण पहिली ओळ वाचतात, प्रोसेसचं नाव पाहतात आणि तिथेच निष्कर्ष काढतात. खरी माहिती त्याच्या खाली असते. इथे परीक्षण आहे ते या मजकुराचं आणि त्याला जोडून येणाऱ्या साधनांचं: पेज ॲलोकेटरची (मेमरी पेज नावाच्या ठरावीक तुकड्यांत वाटणाऱ्या भागाची) नोंद, स्लबची (लहान ऑब्जेक्टांना मेमरी देणाऱ्या भागाची) नोंद, ओओएम किलरचा (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्याचा) अहवाल, ॲलोकेशन प्रोफायलिंग आणि मुद्दाम अपयश घडवणारं फॉल्ट इंजेक्शन. आधाराला धरलं आहे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं, दीर्घकाळ सांभाळलं जाणारं ६.१२ कर्नल. जुन्या आवृत्त्यांत फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

मत आधीच सांगतो. त्या क्षणी मेमरीची स्थिती काय होती हे कर्नलची मूळ नोंद उत्तम सांगते. मेमरी कोणी खाल्ली हे मात्र ती सांगत नाही. वर्षानुवर्षं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ही उणीव स्वतःचे प्रिंट घालून भरायचा प्रयत्न केला. त्यातल्या बहुतेकांनी लॉग फुगला, उलगडा झाला नाही. खरी भर पडली ती २०२४ मध्ये, ६.१० कर्नलपासून.

पहिली ओळ

नोंदीची सुरुवात साधारण अशी असते:

केवर्कर/०:१: पेज ॲलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:४, मोड:०एक्स४०सीसी०(जीएफपी_कर्नल|__जीएफपी_कॉम्प), नोडमास्क=(नल),सीपीयूसेट=/,मेम्स_अलाउड=०

सुरुवातीचं नाव मागणाऱ्याचं आहे, संपवणाऱ्याचं नाही. नेमक्या त्या क्षणी ज्याची पाळी होती तो सापडला, इतकंच. या नावावरून बग दाखल करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नावाखाली येणारा स्टॅक मात्र कामाचा. मागणी कोणत्या फंक्शनमधून आली हे तो सांगतो आणि मागणीच अवास्तव असेल तर दोष तिथेच दिसतो.

ऑर्डर म्हणजे सलग किती पेजेस हवी होती त्याचा दोनाचा घात. पेज ४ केबीचं असेल तर ऑर्डर ४ म्हणजे १६ पेजेस, ६४ केबी सलग. सगळ्यात मोठी ऑर्डर १०, म्हणजे ४ एमबी. आर्म६४ वर ६४ केबीचं पेज निवडलेलं असेल तर तीच ऑर्डर ४ एक एमबीची होते. त्यामुळे लॉग वाचण्याआधी पेजचा आकार विचारून घ्यावा.

ऑर्डर ३ ही महत्त्वाची सीमारेषा आहे. तिथपर्यंतची साधी जीएफपी_कर्नल मागणी (गरज पडली तर थांबू शकणारी, कर्नलची नेहमीची) कर्नल जवळजवळ कधीच नाकारत नाही. तो पेजेस परत मिळवतो, फिरून प्रयत्न करतो, शेवटी ओओएम किलर बोलावतो, पण नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे नकार) देत नाही. म्हणून 'ऑर्डर:०' आणि 'जीएफपी_कर्नल' असं जोडीने दिसलं तर थांबून विचार करावा. एकतर मागणारी प्रोसेस आधीच ओओएमची बळी ठरलेली असते आणि राखीव साठाही संपलेला असतो, किंवा मागणी मेमरी मोकळी करण्याच्याच वाटेवरून आलेली असते, किंवा मोडमध्ये, म्हणजे मागणीच्या अटी सांगणाऱ्या फ्लॅगांत, नोरिट्राय वा रिट्राय_मेफेल (नकार चालेल असं सांगणारे फ्लॅग) लपलेलं असतं. ऑर्डर ४ पासून पुढे मात्र अपयश हा व्यवहाराचा भागच आहे आणि कोडने ते धरूनच चाललं पाहिजे.

मोडमधली नावं ४.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, उलगडून छापली जातात. त्याआधी नुसता हेक्स आकडा यायचा आणि तो हेडर फाइल उघडून सोडवावा लागे. जुन्या लॉगांत सारखा दिसणारा 'मोड:०एक्स२०' म्हणजे जीएफपी_ॲटॉमिक, थांबू न शकणारी मागणी. पुढे त्याचाच आकडा ए२० झाला आणि आता ८२० आहे. हे आकडे कायमचे नाहीत. लॉगवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट लिहीत असाल तर आकड्यावर नव्हे, नावावर जुळवा.

मेम-इन्फो: सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा भाग

स्टॅकनंतर मेम-इन्फोचा ताळेबंद सुरू होतो. यातला पहिला सापळा एककांचा. सगळ्यात वरचा एकत्रित गठ्ठा, ॲक्टिव्ह_अनॉनपासून फ्री_सीएमएपर्यंतचा, पेजेसमध्ये असतो. त्याखालच्या नोड आणि झोनच्या (मेमरीच्या विभागांच्या) ओळी केबीमध्ये असतात. आणि झोनच्या ओळीला लागूनच येणारी लोमेम_रिझर्व्ह ही ओळ पुन्हा पेजेसमध्ये. तीन ओळींत दोनदा एकक बदलतं. पेजेसच्या ओळींवर एककाचं नाव लिहिलेलंच नसतं. या मांडणीला गुण कमी द्यावे लागतात, कारण चार पटींची चूक इथेच होते.

झोनच्या ओळीत फ्री, मिन, लो, हाय हे चार आकडे एकत्र वाचायचे. फ्री लोच्या खाली गेलं की केस्वॅपडी (मागे राहून पेजेस मोकळी करणारा थ्रेड) जागा होतो आणि हायपर्यंत भरून झोपतो. मिनच्याही खाली गेलं की मागणाऱ्यालाच थांबून पेजेस मोकळी करावी लागतात. जीएफपी_ॲटॉमिकला थांबता येत नाही, म्हणून त्याला मिनच्या खालच्या राखीव साठ्यात हात घालायची मुभा असते, तीही पूर्ण नव्हे, ठरावीक वाट्यापर्यंत. नेटवर्क कार्डाच्या रिसीव्ह वाटेवर पॅकेटांचा लोंढा आला की हाच वाटा संपतो आणि 'ऑर्डर:०, जीएफपी_ॲटॉमिक' अशी नोंद पडते. अशी एखाददुसरी नोंद म्हणजे आपत्ती नव्हे. पॅकेट पडलं, पुन्हा येईल. रोज दिसू लागली तर उपाय करावा.

इथे सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे मिन_फ्री_केबाइट्स वाढवणं. तो चालतो, पण तेवढी मेमरी इतरांसाठी कायमची बाजूला पडते आणि फार वाढवलं तर मशीन लगेच ओओएममध्ये जाऊ शकतं. त्याआधी वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर वाढवून पाहावा. त्याचं मूळ मूल्य १० आहे आणि एकक दहा हजाराव्या भागाचं, म्हणजे मिन, लो, हाय यांच्यातलं अंतर मेमरीच्या ०.१ टक्का. १०० केलं तर १ टक्का होतं, केस्वॅपडी लवकर जागा होतो आणि लोंढ्याला तोंड द्यायला वेळ मिळतो. लोंढ्याच्या दुखण्यावर हा उपाय जास्त नेमका आहे.

आता कधी कधी फ्री मिनच्या बरंच वर असतं आणि तरी मागणी फेटाळलेली असते. तिथे तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, लोमेम_रिझर्व्ह. नॉर्मल झोनसाठी आलेली मागणी खालच्या डीएमए३२ झोनमधून भागवायची असेल तर तिथे मिन अधिक हा राखीव आकडा, एवढ्याच्या वर फ्री असावं लागतं. आकडा पेजेसमध्ये आहे, त्याला ४ ने गुणून केबी करा आणि मगच तुलना करा.

दुसरी, सीएमए, म्हणजे उपकरणांच्या मोठ्या सलग मागण्यांसाठी राखलेली मेमरी. लहान बोर्डांवर कॅमेरा किंवा डिस्प्लेसाठी मोठा सीएमए भाग राखलेला असतो. तो फ्रीमध्ये मोजला जातो, पण न हलवता येणाऱ्या मागणीला तो वापरता येत नाही. फ्री २०० एमबी आणि त्यातलं फ्री_सीएमए १९० एमबी असेल तर कर्नलच्या स्वतःच्या मागण्यांसाठी उरले १० एमबी. बोर्डांवरच्या 'मेमरी आहे तरी मिळत नाही' या तक्रारीत हे आधी पाहावं.

तिसरी, तुकडे. यासाठी बडीची ओळ, म्हणजे कोणत्या आकाराचे किती मोकळे तुकडे आहेत त्याची यादी. समजा ती अशी आहे: नॉर्मल झोनमध्ये ४ केबीचे २१००० तुकडे, ८ केबीचे ९०००, १६ केबीचे १५००, आणि ३२ केबीपासून ४०९६ केबीपर्यंत सगळीकडे शून्य. बेरीज ८४००० अधिक ७२००० अधिक २४०००, म्हणजे १८०००० केबी. पावणेदोनशे एमबीहून जास्त मोकळी मेमरी आणि ६४ केबीचा एकही सलग तुकडा नाही. इथे मेमरी वाढवून प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. कोडमधली सलग मागणी तोडणं किंवा केव्हीमॅलॉककडे (सलग मेमरी नसेल तर विखुरलेल्या पेजेसवर भागवणाऱ्या फंक्शनकडे) वळणं हा खरा उपाय. संख्येपुढची अक्षरं वाचायला विसरू नका: यू न हलणारी, एम हलवता येणारी, ई परत मिळवता येणारी, एच मोठ्या ॲटॉमिक मागण्यांसाठी राखलेली, सी म्हणजे सीएमए. तुमच्या ऑर्डरच्या रकान्यात पन्नास तुकडे दिसले आणि पुढे फक्त एच किंवा सी असेल, तर तुमच्यासाठी ते पन्नास नाहीतच.

अपयश आलं आणि नोंदच नाही

या यंत्रणेचा सगळ्यात मोठा दोष कोणता म्हणाल, तर हा. ॲलोकेशन नल परतलं आणि लॉग कोरा, अशा वाटा बऱ्याच आहेत आणि त्या एका जागी कुठे लिहिलेल्या नाहीत.

सरळ वाट म्हणजे नोवॉर्न फ्लॅग. मागणाऱ्यानेच 'बोलू नकोस' सांगितलेलं असतं. केव्हीमॅलॉकचा पहिला प्रयत्नही मोठ्या मागणीसाठी असाच मूकपणे होतो, कारण अपयश आलं तर व्हीमॅलॉकची, म्हणजे विखुरलेल्या पेजेसची, वाट मोकळी असते. हे योग्यच आहे.

दुसरी वाट म्हणजे मर्यादा. नव्या कर्नलांत पेज ॲलोकेटरची नोंद दहा सेकंदांत एकदाच छापली जाते, आधी पाच सेकंदांत दहा वेळा छापली जायची. एका सेकंदात दोन वेगळ्या ड्रायव्हरांना नकार मिळाला तर दुसऱ्याची नोंद दिसणार नाही. म्हणून लॉगमधल्या नोंदी मोजून अपयशांची संख्या ठरवू नये.

तिसरी वाट सीग्रुपची, म्हणजे प्रोसेसांच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणाऱ्या सोयीची. अकाउंट फ्लॅग असलेली मागणी पेज ॲलोकेटरकडून मंजूर होते, मग सीग्रुपच्या खात्यात ती बसत नाही, पेज परत जातं आणि मागणाऱ्याला नल मिळतो. पेज ॲलोकेटरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, त्यामुळे ही नोंद येतच नाही. कंटेनरमध्ये चालणाऱ्या सेवेला ईएनओमेम ('मेमरी नाही' हा एरर) मिळतोय आणि होस्टवर ढीगभर मेमरी मोकळी आहे, असं दिसलं की त्या सीग्रुपची मेमरी.इव्हेंट्स फाइल उघडा. तिथे मॅक्स, ओओएम आणि ओओएम_किल हे मोजणारे आकडे वाढलेले सापडतील.

चौथी वाट गुणाकाराची. केकॅलॉक किंवा केमॅलॉक_ॲरे या ॲरेसाठी मेमरी मागणाऱ्या फंक्शनांत संख्या गुणिले आकार हा गुणाकार ओसंडला तर फंक्शन सरळ नल देतं, एक अक्षर न छापता. मेमरी भरपूर असते. संख्या वापरकर्त्याकडून आलेली असेल तर ही शक्यता धरावीच. आणि ऑर्डर १० पेक्षा मोठी मागणी केली तर इशारा येतो खरा, पण बूट झाल्यापासून एकदाच. तो आठवड्यापूर्वी येऊन गेला असेल तर आजच्या लॉगमध्ये काहीच नसेल.

मूक अपयश पकडायचं असेल तर केमेम गटातला एमएम_पेज_ॲलोक हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली घटना नोंदवणारा बिंदू) चालू करा. अपयशी मागणीतही तो उमटतो, त्यात पेजच्या जागी नल असतो आणि पीएफएन (पेजचा क्रमांक) या क्षेत्रात सगळे बिट एक असतात. त्यावर फिल्टर लावला की फक्त अपयशं उरतात, ऑर्डर आणि फ्लॅग्ससकट, नोवॉर्न असो वा नसो. सोबत स्टॅक ट्रेस जोडून घेता येतो. सीग्रुपमुळे परत गेलेलं पेजही इथे नल म्हणूनच दिसतं. कर्नल पुन्हा न बांधता मिळणारं हे सगळ्यात चांगलं हत्यार आहे आणि ते फार कमी लोक वापरतात.

स्वतःचा प्रिंट कधी घालावा

केमॅलॉक नल आला की खाली 'आउट ऑफ मेमरी' छापायचं, ही सवय सोडून द्यावी. पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टही त्याला अनावश्यक म्हणून हटकते. ऑर्डर, फ्लॅग, स्टॅक, झोन असं सगळं वर आलेलं असताना 'माझ्या ड्रायव्हरला मेमरी मिळाली नाही' या ओळीतून नवं काही कळत नाही. शिवाय ती स्ट्रिंग कर्नलच्या प्रतिमेत जागा खाते. नव्या कर्नलांत डेव्ह_एर_प्रोब हे फंक्शन ईएनओमेम मिळाल्यावर मुद्दाम गप्प बसतं, त्याचंही कारण हेच.

प्रिंट घालायचा तो दोन प्रसंगी. तुम्ही नोवॉर्न दिलं असेल आणि पर्यायी वाटही बंद झाली असेल तर बोलण्याची जबाबदारी तुमची. आणि मागणीचा आकार कर्नलला न कळणाऱ्या गोष्टीवरून आला असेल तर ती गोष्ट छापावी. उदाहरणार्थ, १२८ रांगा गुणिले ४०९६ डिस्क्रिप्टर गुणिले ३२ बाइट, एकूण १६ एमबी. कर्नलला फक्त १६ एमबी दिसतात. रांगा १२८ का झाल्या, तर मशीनमध्ये १२८ सीपीयू आहेत म्हणून, हे ड्रायव्हरलाच ठाऊक असतं. अशा ओळीत रांगांची संख्या, डिस्क्रिप्टरांची संख्या आणि एकूण बाइट्स असे तिन्ही आकडे द्यावेत. त्याच ओळीत पुढे काय केलं तेही लिहावं: '१०२४ डिस्क्रिप्टरवर उतरलो' किंवा 'उपकरण बंद ठेवलं'. सिस्टिम सांभाळणाऱ्याला हे शेवटचे चार शब्द सगळ्यात जास्त हवे असतात.

प्रिंट रेटलिमिट केलेलाच असावा, म्हणजे ठरावीक वेळेत मोजक्या वेळाच छापणारा. त्या वाटेवर नवीन मेमरी मागू नये, म्हणजे स्ट्रिंग जुळवायला केएस्प्रिंटएफ नको. ५.५ पासून प्रिंटकेला %पीई हा फॉरमॅट कळतो, तो एरर पॉइंटर घेऊन उणे १२ ऐवजी उणे चिन्हासह ईएनओमेम असं नाव छापतो. तो वापरावा. डंप_स्टॅक स्वतःहून घालू नये.

नोंदच मशीन अडवते तेव्हा

जास्त छापलं म्हणजे जास्त कळतं, हा समज खोटा आहे हे कर्नलच्या इतिहासातच दिसतं. ४.९ मध्ये एक इशारा आला होता: एखादी मागणी दहा सेकंदांहून जास्त अडकली तर 'पेज ॲलोकेशन स्टॉल्स फॉर' अशी नोंद छापायची. कल्पना चांगली होती. पण मेमरीची खरी टंचाई झाली की शेकडो थ्रेड एकाच वेळी अडकतात, सगळेच छापू लागतात, आणि कन्सोलचं कुलूप धरून बसलेला सीपीयू इतरांचे संदेश बाहेर काढत राहतो. मशीन मेमरीअभावी अडकण्याऐवजी नोंदींमुळे अडकू लागलं. ४.१५ मध्ये तो इशारा काढून टाकला गेला. नाकापेक्षा मोती जड झाला की काय होतं, त्याचं हे चांगलं उदाहरण.

आकडेमोड करून पाहा. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवरून सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार बाइट बाहेर जातात. दहा केबीच्या एका अहवालाला जवळपास एक सेकंद. ओओएम_डंप_टास्क्स मुळात चालू असतं, म्हणजे ओओएमच्या वेळी प्रत्येक प्रोसेसची एक ओळ. प्रोसेस हजार आणि ओळ शंभर बाइटांची धरली तर एक लाख बाइट, नऊ सेकंद. बऱ्याच ठिकाणी कर्नलचा लॉग बफर १२८ केबीचा असतो, त्यामुळे असे दोन अहवाल लागोपाठ आले की पहिल्याची सुरुवात पुसली जाते, आणि कारण तर पहिल्यातच असतं. बूट ओळीत लॉग_बफ_लेन=४एम द्या आणि सिरियल कन्सोलची लॉगलेव्हल उतरवा. दोन्ही फुकट आहेत. हजारो प्रोसेस असलेल्या मशीनवर ओओएम_डंप_टास्क्स शून्य करण्याचा विचार करायला हरकत नाही.

स्लब, सीएमए, व्हीमॅलॉक

स्लबची नोंद छोटी आणि नेटकी आहे: कॅशचं नाव, ऑब्जेक्टचा आकार, बफरचा आकार, मूळ ऑर्डर, किमान ऑर्डर आणि दर नोडला किती स्लॅब, किती ऑब्जेक्ट, किती मोकळे. स्लब डीबग चालू असेल तर एक ओळ जास्तीची येते: डीबगमुळे किमान ऑर्डर वाढली आहे, नको असेल तर स्लॅब_डीबग=ओ द्या. ही ओळ गांभीर्याने घ्यावी. तपासासाठी लावलेल्या रेड झोनमुळे (ऑब्जेक्टची हद्द ओलांडली तर कळावं म्हणून ठेवलेल्या जागेमुळे) बफर मोठा होतो, पेजमध्ये मावत नाही, मागणी वरच्या ऑर्डरवर जाते आणि मूळ सिस्टिममध्ये कधीच न येणारं अपयश तपासाच्या सिस्टिममध्ये येतं.

सीएमएच्या नोंदीत परतीचा आकडा पाहावा. उणे १२ म्हणजे जागा नाही, उणे १६ म्हणजे जागा आहे पण त्यातली पेजेस कोणीतरी धरून ठेवली आहेत. दोघांचे उपाय वेगळे. व्हीमॅलॉकच्या अपयशाकडे ३२ बिट आर्मवर लक्ष द्यावं, तिथे मेमरी नव्हे, पत्त्यांची जागा संपते.

खतावणी: ॲलोकेशन प्रोफायलिंग

वरचा सगळा ताळेबंद झाला. कोणाच्या नावावर किती, ही खतावणी ६.१० मध्ये आली. कर्नलमधल्या प्रत्येक ॲलोकेशनच्या ओळीला एक मोजणारा आकडा जोडलेला असतो, आणि प्रॉकमधली ॲलोकइन्फो फाइल रूट म्हणून वाचली की किती बाइट, किती वेळा, कोणती फाइल, कितवी ओळ, कोणतं फंक्शन असं सरळ मिळतं. ती आकड्यानुसार सॉर्ट करून शेवटच्या दहा ओळी पाहिल्या की गळती कुठे आहे याचा अंदाज दोन मिनिटांत येतो. तासाभराच्या अंतराने दोन प्रती काढून तुलना केली तर अंदाजाची खात्री होते. या यंत्रणेसह बांधलेल्या कर्नलमध्ये मेम-इन्फोच्या शेवटी 'मेमरी ॲलोकेशन्स' या मथळ्याखाली सगळ्यात मोठे दहा खातेदारही छापले जातात. ओओएमच्या नोंदीत मेमरी कोणी खाल्ली याचं उत्तर कर्नलने स्वतःहून द्यावं, ही कित्येक वर्षांची गरज इथे भागते.

लावायला मेम_ॲलोक_प्रोफायलिंग हा पर्याय निवडून कर्नल बांधावं लागतं, मग बूट ओळीत सिसकंट्रोल.व्हीएम.मेम_प्रोफायलिंग=१ द्यायचं. मेमरीची किंमत मोजण्यासारखी आहे: दर पेजमागे ८ बाइटचा एक पॉइंटर धरला तर ४ केबी पेजवर सुमारे ०.२ टक्के, म्हणजे ६४ जीबीच्या मशीनवर १२८ एमबी. स्लॅब ऑब्जेक्टांमागचे पॉइंटर त्याहून वेगळे. शून्य दिलं तर यंत्रणा बंद राहते पण नंतर चालू करता येते, म्हणून जागा राखलेलीच असते. जागाही वाचवायची असेल तर मूल्य नेव्हर द्यावं. ६.१३ पासून कंप्रेस्ड हा पर्याय जोडून पॉइंटरऐवजी पेजच्या फ्लॅगांतल्या मोकळ्या बिटांत टॅग ठेवता येतो.

उणीव एकच, पण ती माहीत असायला हवी. ॲलोकेशन एखाद्या मदतनीस फंक्शनमधून होत असेल तर सगळा हिशेब त्या मदतनिसाच्या ओळीवर चढतो, त्याला बोलावणाऱ्याच्या नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्ये असं वेष्टण असेल तर त्याचं रूपांतर ॲलोक_हुक्स मॅक्रोत करून मूळ फंक्शनच्या नावाला नोप्रॉफ ही शेपटी लावावी. मग हिशेब खऱ्या ठिकाणी लागतो.

पूर्ण कॉल स्टॅक हवा असेल तर जुनं, ३.१९ पासूनचं पेज_ओनर आहेच. बूट ओळीत पेज_ओनर=ऑन, डीबगएफएसमधली फाइल वाचायची आणि कर्नलच्या टूल्समधल्या पेज_ओनर_सॉर्टने गटवारी करायची. स्टॅक मिळतो, वेग आणि मेमरी दोन्ही जातात. प्रोफायलिंगने ओळ शोधावी आणि ती ओळ पुरेशी नसेल तेव्हाच पेज_ओनरकडे जावं. केमेमलीक वेगळ्या कामाचं आहे: कोणाकडेच पत्ता उरला नाही अशी मेमरी ते दहा-दहा मिनिटांनी शोधतं. यादीत अडकून वाढत जाणारी मेमरी त्याला गळती वाटत नाही.

अपयश घडवून पाहणं

प्रिंट लिहिला, तो खरंच उमटतो का, आणि त्यानंतरची साफसफाई नीट होते का, हे तपासायला फॉल्ट इंजेक्शन आहे. २.६.२० पासूनचं, पक्कं साधन. पण त्याची मूळ मूल्यं नवख्याला हमखास चकवतात. सगळं लावलं आणि काहीच फेल झालं नाही, ही तक्रार तिथूनच येते.

फेलस्लॅबमध्ये (स्लॅबच्या मागण्या पाडणाऱ्या भागात) इग्नोर-जीएफपी-वेट मुळात वाय असतं, म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्या, अर्थात जीएफपी_कर्नलच्या, वगळल्याच जातात. ते एन करा. टाइम्स मुळात १ असतं, एक अपयश घडवून यंत्रणा थांबते. ते उणे १ करा. इंटरव्हल वाढवलात तर प्रॉबॅबिलिटी १०० ठेवा, नाहीतर दोन चाळण्या एकमेकींवर बसतात. पेजेसच्या मागण्या पाडणाऱ्या फेल_पेज_ॲलोकमध्ये मिन-ऑर्डर मुळात १ आहे, म्हणून ऑर्डर ०ची मागणी कधीच फेल होत नाही. ते ० करा. टास्क-फिल्टर वाय केल्याशिवाय संपूर्ण मशीनवर प्रयोग होतो, तसं करू नये. ते चालू करून, ज्या शेलमधून मॉड्युल चढवणार त्याच्या मेक-इट-फेलमध्ये १ लिहा आणि तिथूनच मॉडप्रोब चालवा. एकाच कॅशवर प्रयोग करायचा असेल तर कॅश-फिल्टर वाय करून सिसएफएसमध्ये त्या कॅशच्या फेलस्लॅब फाइलमध्ये १ लिहा.

यापेक्षाही चांगली रीत फेल-एनथची. थ्रेडच्या फेल-एनथ फाइलमध्ये १ लिहून सिस्टिम कॉल करायचा, मग २ लिहून, मग ३. दर वेळी नेमकी त्या क्रमांकाची मागणी फेल होते. फाइल वाचल्यावर शून्य आलं तर अपयश घडलं. शून्याहून मोठा आकडा आला तर त्या कॉलमध्ये तेवढ्या मागण्याच नव्हत्या आणि फेरी पूर्ण झाली. प्रॉबॅबिलिटी, इंटरव्हल, टाइम्स यांची इथे गरज नाही, पण इग्नोर-जीएफपी-वेट मात्र इथेही एनच हवं. नशिबावर न सोडता प्रत्येक एरर वाट एकदा चालून होते. सोबत कासन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू ठेवलं तर अर्धवट मोकळं केलेलं, दोनदा मोकळं केलेलं, सगळं त्याच फेरीत सापडतं. व्हर्बोज मुळात २ असतं, ते तसंच ठेवावं, म्हणजे कोणती मागणी पाडली त्याचा स्टॅक लॉगमध्ये येतो. मात्र त्या मागणीवर नोवॉर्न असेल तर फेलस्लॅब तो स्टॅकही छापत नाही. तिथे अपयश घडलं की नाही, हे फेल-एनथ वाचूनच ठरवायचं.